अट आधी, आकडेमोड नंतर : सीईटी-जेईईतले बीजगणिताचे फसवे प्रश्न

गच्चीवरचा फळा (सोलापूर)
रात्री ९.४०

नमस्कार.

मी अशोक चौकाजवळ राहते आणि संध्याकाळी अकरावी-बारावीच्या मुलांना गणित शिकवते. गच्चीवर एक फळा, दोन सतरंज्या, नऊ मुलं. सध्या ऊन असं आहे की साडेसहाच्या आत गच्चीवर अनवाणी पाय टेकवत नाही, म्हणून तास उशिरा सुरू होतो आणि शेवटचा अर्धा तास बल्बखाली चालतो. बहुतेक मुलं पूर्व भागातली. घरात तेलुगू, शाळेत मराठी आणि सीईटीचा गणिताचा पेपर इंग्रजीत. कच्च्या कामाला ती टॉवेल कारखान्यातली जुनी चलनं आणतात, मागची बाजू कोरी असते.

काल अशाच एका चलनामागे जे पाहिलं त्यासाठी हा धागा काढतेय. प्रश्न असा होता :

क्ष² − २म·क्ष + (म + ६) = ० या समीकरणाची दोन्ही मुळे वास्तव आहेत. तर मुळांच्या वर्गांच्या बेरजेची किमान किंमत किती?
पर्याय : −४९/४, ८, १२, १८.

सोडवणारी मुलगी माझ्याकडची सगळ्यात भरवशाची. तिनं लिहिलं : मुळांची बेरीज २म, गुणाकार म + ६. वर्गांची बेरीज म्हणजे बेरजेचा वर्ग वजा गुणाकाराची दुप्पट, म्हणून ४म² − २म − १२. याची किमान किंमत म = १/४ ला. उत्तर −४९/४. खाली दोन रेघा, भोवती चौकट. पर्यायांत ते उत्तर होतंच, त्यामुळे ती पुढच्या प्रश्नावर गेली.

आकडेमोडीत एकही चूक नाही. मी विचारलं, "दोन वास्तव संख्यांचे वर्ग घेतलेस आणि त्यांची बेरीज उणे आली?" ती बराच वेळ कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ताई, पण सूत्र तर बरोबर आहे."

सूत्र बरोबरच आहे. पण प्रश्नातला "वास्तव" हा शब्द तिनं डोळ्यांनी वाचला आणि कागदावर उतरवला नाही. गेली कित्येक वर्षं मी मुलांच्या चुका बघतेय. हुशार मुलांचे गुण जातात ते इथेच जातात. अट कागदावर आली नाही की तिसऱ्या ओळीपर्यंत ती डोक्यातूनही गेलेली असते.

तुम्ही सोडवून बघा. आणि नुसतं उत्तर देऊ नका, "वास्तव" या शब्दाचं तुम्ही कोणत्या ओळीत काय केलंत ते लिहा. असे तुम्हाला भेटलेले प्रश्नही टाका.

विडी घरकुल
रात्री १०.०५

ताई, मी पण आधी −४९/४ च काढलं. तुमचं खालचं वाचून परत बसलो. वास्तव म्हणजे विवेचक (वर्गसमीकरणातला ब² − ४अक) शून्य किंवा जास्त. ४म² − ४(म + ६) ≥ ०, म्हणजे म² − म − ६ ≥ ०, म्हणजे (म − ३)(म + २) ≥ ०. मग म = ३ घातलं, १८ आलं. १८ बरोबर ना?

पुण्यातला सोलापूरकर
रात्री १०.१५

मित्रा, अर्ध्या वाटेपर्यंत एकदम बरोबर आलास. (म − ३)(म + २) ≥ ० याचा अर्थ म एक तर ३ किंवा त्याहून मोठा, नाहीतर −२ किंवा त्याहून लहान. डावी बाजू तू बघितलीच नाहीस. म = −२ घाल : १६ + ४ − १२ = ८. उत्तर ८.

पडताळा पण घे. म = −२ ला समीकरण होतं क्ष² + ४क्ष + ४ = ०. दोन्ही मुळे −२, वर्गांची बेरीज ४ + ४ = ८. जुळलं.

प्रश्न काढणाऱ्यानं १८ मुद्दाम ठेवलंय, जो विवेचकापर्यंत पोचेल आणि असमानता अर्धीच सोडवेल त्याच्यासाठी.

सातरस्ता
रात्री १०.५०

मी निवृत्त शिक्षक. चौतीस वर्षं खडू हातात होता. पोरांना माझं एकच सांगणं, चित्र काढा.

४म² − २म − १२ चा आलेख म्हणजे वरच्या बाजूला उघडणारा पॅराबोला. तळ म = १/४ ला. आता म च्या अक्षावर −२ आणि ३ इथे खुणा करा आणि मधला भाग पेन्सिलीनं काळा करा. त्या भागात मुळे वास्तव नाहीत, तिथं जायची परवानगी नाही. तळ नेमका त्याच काळ्या भागात आहे, म्हणून तळाची किंमत आपल्या कामाची नाही.

मग परवानगी असलेल्या भागात सर्वांत खालचा बिंदू कुठे? पॅराबोला तळाच्या दोन्ही बाजूंना सारखा चढतो. तळापासून −२ हे सव्वादोन अंतरावर, ३ हे पावणेतीन अंतरावर. जे टोक तळाच्या जवळ ते खाली. म्हणजे −२. इथे ८ की १८ हा प्रश्नच उरत नाही, चित्रच सांगतं.

विडी घरकुलच्या बाळा, तू ३ घेतलंस कारण धन संख्या हाताला आधी लागते. माझ्या वर्गात हे दर वर्षी व्हायचं. कंसातली दोन्ही मुळे अक्षावर मांडल्याशिवाय पुढं जायचं नाही अशी सवय लाव.

विडी घरकुल
रात्री ११.०२

सर, लै भारी समजलं. काळा भाग लक्षात राहील.

पार्क चौक
सकाळी ७.२०

मी पालक म्हणून विचारतो. मुलगी बारावीला आहे, एका क्लासला दोन वर्षं जाते. तिथं सगळा भर सीईटीवर. सीईटीच्या अभ्यासक्रमात वर्गसमीकरण हा स्वतंत्र धडा नाही असं तिचं म्हणणं. मग हे सगळं जेईईवाल्यांनीच करायचं का? वेळ कमी आहे, म्हणून विचारतोय.

गच्चीवरचा फळा
सकाळी ८.१०

प्रश्न रास्त आहे भाऊ. धडा नाही हे खरं. सीईटीत ऐंशी टक्के भार बारावीचा आणि वीस टक्के अकरावीच्या ठरावीक धड्यांचा. जेईई मेनमध्ये वर्गसमीकरणं संमिश्र संख्यांबरोबर उघडपणे असतात. पण सीईटीत ती दुसऱ्याचे कपडे घालून येतात.

युगुल रेषांचं, म्हणजे एकाच समीकरणात मांडलेल्या दोन रेषांचं बघा. अ·क्ष² + २ह·क्ष·य + ब·य² = ० मधल्या दोन रेषांचे चढ ही एका वर्गसमीकरणाचीच मुळे. चढांची बेरीज −२ह/ब, गुणाकार अ/ब. "एका रेषेचा चढ दुसरीच्या दुप्पट" असं विचारलं की बेरीज लहान चढाच्या ३ पट आणि गुणाकार त्याच्या वर्गाच्या २ पट, दोन ओळींत ८ह² = ९अब. ज्याला मुळांची बेरीज-गुणाकार हातात आहे त्याला हे सूत्र पाठ करावं लागत नाही.

त्रिकोणमितीतही तेच. साइन २थीटा = कॉस थीटा, शून्य ते ३६० अंशांत किती उकली? मुलं डावीकडे २ साइन थीटा कॉस थीटा लिहितात, दोन्हीकडचा कॉस थीटा काटतात, साइन थीटा = १/२, उत्तर दोन : ३० आणि १५०. पण काटलेला कॉस थीटा शून्य असू शकतो, तिथे ९० आणि २७० बसलेत. उत्तर चार. हा प्रश्न त्रिकोणमितीच्या धड्यातला असला तरी चूक बीजगणिताची आहे. (क्ष − ३)(क्ष + ४) = ५(क्ष − ३) मध्ये क्ष − ३ काटून क्ष = १ एवढंच लिहिणारा मुलगा आणि हा मुलगा एकच.

म्हणून माझ्या गच्चीवर नियम आहे : चल असलेली गोष्ट काटायची नाही, एका बाजूला घेऊन सामाईक काढायची. ज्याला काटायचीच आहे त्यानं बाजूला "हे शून्य नाही कारण..." असं लिहून दाखवायचं. कारण लिहिता आलं तर खुशाल काटा.

पार्क चौक
सकाळी ८.३०

हे मुलीला दाखवतो. धन्यवाद ताई.

पुण्यातला सोलापूरकर
सकाळी ११.१५

माझ्याकडून एक. मी जेईईची तयारी करत असताना घातांकाच्या प्रश्नानं मला खूप दिवस अडवलं होतं. त्या जातीचा प्रश्न स्वतः बनवून टाकतोय :

पाया क्ष² − ३क्ष + १, घातांक क्ष² + २क्ष − २४. पायाचा हा घात = १. क्ष च्या सर्व वास्तव किमतींची बेरीज किती?
पर्याय : −२, १, ३, ४.

विडी घरकुल
दुपारी १.४०

घातांक शून्य केला की उत्तर १ येतं. (क्ष + ६)(क्ष − ४) = ०. क्ष = −६, ४. बेरीज −२.

नाही थांबा. पाया १ असला तरी उत्तर १ येतं. क्ष² − ३क्ष = ०, क्ष = ० आणि ३. एकूण बेरीज १.

पण हे दोन्ही पर्यायांत आहेत म्हणजे काहीतरी राहिलंय.

पुण्यातला सोलापूरकर
दुपारी १.५५

राहिलंय. उणे एकचा घात १ कधी येतो?

विडी घरकुल
दुपारी २.२०

घातांक सम असला की! पाया −१ : क्ष² − ३क्ष + २ = ०, क्ष = १, २. बेरीज १ + ३ = ४.

गच्चीवरचा फळा
दुपारी २.३५

"घातांक सम असला की" हे तूच लिहिलंस, बाळा. मग तपासलंस का?

विडी घरकुल
दुपारी २.४१

क्ष = १ ला घातांक १ + २ − २४ = −२१. विषम. बाद.
क्ष = २ ला ४ + ४ − २४ = −१६. सम. चालतं.
बेरीज −६ + ४ + ० + ३ + २ = ३.

चारही पर्याय मी एकेक करून लिहिले ताई.

गच्चीवरचा फळा
दुपारी २.५०

आणि चारही वेळा स्वतःहून पुढे गेलास, ते मला जास्त आवडलं. एक छोटी गोष्ट राहिली. घातांक शून्य करतो तेव्हा पाया शून्य नाही ना, हेही बघायचं. क्ष = ४ ला पाया ५, क्ष = −६ ला ५५. म्हणजे ठीक. इथे ती अडचण नाही, पण ती ओळ लिहायचीच.

सातरस्ता
संध्याकाळी ५.३०

आज जरा सावकाश लिहितो.

या ताईंचं म्हणणं आपल्याकडे फार जुनं आहे. भास्कराचार्यांनी सिद्धान्तशिरोमणी लिहिला ११५० साली. त्यातल्या बीजगणित या भागात माकडांची दोन उदाहरणं आहेत, आणि ती शेजारी शेजारी ठेवून बघण्यासारखी आहेत.

पहिलं : कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग एवढी माकडं रानात खेळतायत आणि १२ डोंगरावर आहेत, तर एकूण किती? समीकरण (क्ष/८)² + १२ = क्ष. उत्तरं दोन, ४८ आणि १६. दोन्ही चालतात. ४८ चा आठवा भाग ६, वर्ग ३६, अधिक १२. सोळाचा आठवा भाग २, वर्ग ४, अधिक १२. आचार्यांनी दोन्ही उत्तरं मान्य केली.

दुसरं : कळपाच्या पाचव्या भागातून ३ वजा करून त्याचा वर्ग एवढी माकडं गुहेत गेली, एक फांदीवर दिसतंय. समीकरण (क्ष/५ − ३)² + १ = क्ष. उत्तरं ५० आणि ५. दोन्ही समीकरणात घालून बघा, दोन्ही बसतात. पण पाचाचा पाचवा भाग १, त्यातून ३ गेले तर उणे २ माकडं. आचार्य म्हणतात हे दुसरं उत्तर घेऊ नये, कारण व्यवहारातल्या उणे संख्येवर लोकांचा विश्वास बसत नाही.

सोडवण्याची रीत दोन्हीकडे तीच. एकीकडे दोन्ही मुळे ठेवली, एकीकडे एक टाकलं, कारण समीकरण सोडवून झाल्यावर ते पुन्हा प्रश्नाकडे परतले. जवळजवळ नऊशे वर्षांपूर्वी. हे मी वर्गात सांगायचो तेव्हा शेवटच्या बाकावरची पोरंसुद्धा मान वर करायची.

आजच्या पेपरातलं याचंच भावंड म्हणजे वर्गमूळ. √(क्ष + ७) = क्ष − ५. दोन्ही बाजूंचा वर्ग केला की क्ष² − ११क्ष + १८ = ०, क्ष = २ किंवा ९. नऊ घाला : ४ = ४. दोन घाला : ३ = −३. वर्ग करताना उणे-अधिकचा भेद पुसला जातो, म्हणून परकं मूळ आत शिरतं. वर्ग करण्याआधीच बाजूला क्ष ≥ ५ लिहिलं असतं तर २ दारातच अडलं असतं.

होटगी रोड
संध्याकाळी ६.१५

सगळ्यांचं वाचतोय. मी स्वतः मुलांना स्पर्धा परीक्षांचं गणित शिकवतो आणि माझं मत थोडं वेगळं आहे. सीईटीत गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत. म्हणजे एका प्रश्नाला १ मिनिट ४८ सेकंद. एवढ्यात चित्रं कधी काढायची आणि अटी कधी लिहायच्या? सरळ किमती घालून पर्याय तपासायचे. उदाहरणार्थ, अ + ब + क = ० असेल तर अ²/बक + ब²/कअ + क²/अब किती? अ = १, ब = १, क = −२ घाला. −१/२ − १/२ + ४ = ३. वीस सेकंदांत मोकळे.

गच्चीवरचा फळा
रात्री ९.०५

तुमचं उदाहरण अगदी योग्य आहे आणि मीही ते तसंच करेन. किमती घालणं ही चोरी नाही, चांगलं हत्यार आहे. पण ते कुठे बोथट होतं ते मुलांना माहीत हवं.

हे बघा. अ/(ब + क) = ब/(क + अ) = क/(अ + ब) = न. न ची किंमत किती? पर्याय : फक्त १/२, फक्त −१, १/२ किंवा −१, ० किंवा १.

किमती घालणारा मुलगा पहिल्यांदा काय घालेल? अ = ब = क = १. न = १/२. पहिला पर्याय टिचकीसरशी. आणि चूक.

नववीत आपण समान गुणोत्तरांचा सिद्धांत शिकतो : गुणोत्तरं समान असली तर अंशांची बेरीज भागिले छेदांची बेरीज हेही तेवढंच. प्रत्येक गुणोत्तर = (अ + ब + क) / २(अ + ब + क). इथे सगळी मुलं वरखाली काटतात आणि १/२ लिहितात. पुन्हा तेच काटणं! अ + ब + क = ० असेल तर? मग ब + क = −अ, आणि न = −१. खात्री करायची तर तुमच्याच किमती घाला : १, १, −२. तिन्ही गुणोत्तरं −१ येतात. बरोबर पर्याय तिसरा.

एक किंमत घालून पर्याय बाद करता येतात. १/२ मिळाल्यावर दुसरा आणि चौथा पर्याय गेले, ते पक्कं. पण उरलेल्या दोघांत कोण, हे ती किंमत सांगत नाही. जिथे "किंवा", "फक्त", "किती किमती" असे शब्द दिसतील तिथे किमती घालून थांबू नये एवढंच माझं म्हणणं.

आणि वेळेचं म्हणाल तर माझी मुलं "म ≤ −२ किंवा म ≥ ३" ही ओळ लिहायला किती घेतात ते मी घड्याळ लावून पाहिलंय. दहा-बारा सेकंद.

होटगी रोड
रात्री ९.३०

"बाद करता येतं, ठरवता येत नाही." हे पटलं. उद्या वर्गात अ/(ब + क) वालाच प्रश्न देतो.

पुण्यातला सोलापूरकर
रात्री ९.५०

अंदाजानं खूण करण्याबद्दल पण बोलू या, कारण दोन परीक्षांचे नियम वेगळे आहेत आणि मुलं गोंधळतात. सीईटीत गणिताचा प्रत्येक प्रश्न २ गुणांचा आणि चुकीला वजावट नाही. तिथे एकही प्रश्न कोरा सोडू नका, शेवटचे दोन मिनिट त्यासाठी राखा. जेईई मेनमध्ये पर्यायी प्रश्नाला बरोबरचे ४, चुकीला १ वजा. दोन पर्याय खात्रीनं बाद झाले असतील तर उरलेल्या दोनांत निवडणं सरासरीनं फायद्याचंच : निम्म्या वेळा ४ मिळतात, निम्म्या वेळा १ जातो. पण बाद खात्रीनं झाले पाहिजेत. धाग्याच्या पहिल्या प्रश्नात −४९/४ हे वाचताक्षणी बाद होतं, वर्गांची बेरीज उणे नसते. पेन्सिलही लागत नाही.

विडी घरकुल
रात्री १०.१०

ताई, भाषेचं पण सांगा ना. मराठी माध्यमातून आलेल्यांना प्रश्न वाचतानाच अडतं. मला "ॲट मोस्ट" आणि "ॲट लीस्ट" मध्ये अजून गडबड होते.

गच्चीवरचा फळा
रात्री १०.४५

बरं झालं विचारलंस. माझ्याकडच्या मुलांची निम्मी लढाई हीच आहे. त्यांनी कितीदा तरी बरोबर गणित चुकीच्या प्रश्नासाठी सोडवलेलं मी पाहिलंय.

ॲट लीस्ट म्हणजे "कमीत कमी", खालून कुंपण : ≥. ॲट मोस्ट म्हणजे "जास्तीत जास्त", वरून कुंपण : ≤. आपण "मोस्ट" ऐकलं की हात आपोआप ≥ कडे जातो, तिथे फसतो. वाचल्याबरोबर चिन्ह लिहायचं, शब्द डोक्यात फिरवत बसायचं नाही.

पॉझिटिव्ह म्हणजे धन, त्यात शून्य नाही. नॉन-निगेटिव्ह म्हणजे ऋण नाही, त्यात शून्य आहे. हे दोन शब्द सारखे वाटतात आणि पूर्णांक मोजताना उत्तर एकानं बदलतात. रिअल रूट्स म्हटलं तर समान मुळेही चालतात, विवेचक ≥ ०. रिअल अँड डिस्टिंक्ट म्हटलं तर विवेचक > ०. पहिल्या प्रश्नात "डिस्टिंक्ट" असतं तर म = −२ घेताच आलं नसतं! इंटीजर, नॅचरल, रॅशनल यांच्याखाली रेघ मारायची सोय संगणकाच्या पडद्यावर नसते, म्हणून तो एक शब्द कच्च्या कागदावर प्रश्नक्रमांकाशेजारी उतरवा. पूर्ण प्रश्न उतरवू नका. उतरवतानाच उणे चिन्ह गळतं, हे मी सराव परीक्षांत दर वेळी बघते.

जेईई मेन २०२१ पासून मराठीतही देता येते. पण बारावी विज्ञानाचं गणित तुम्ही इंग्रजीतून शिकलात, तर कलन-अवकलनाचे मराठी शब्द ऐन परीक्षेत नवे वाटतील. मराठी निवडायची तर आधी दोन-तीन पेपर मराठीतून सोडवून बघा, मग ठरवा. पहिल्या दिवशी प्रयोग नको.

आता झोपण्याआधी एक. उद्या तासाला हाच घेणार आहे, इथल्यांनी आधी सोडवा :

(क − २)क्ष² − २(क − २)क्ष + ३ ही राशी क्ष च्या प्रत्येक वास्तव किमतीला धन आहे. क च्या किती पूर्णांकी किमती शक्य आहेत?
पर्याय : १, २, ३, ४.

विडी घरकुल
सकाळी ६.५०

अट आधी लिहिली ताई : नेहमी धन म्हणजे पॅराबोला अक्षाच्या वर, म्हणून क − २ > ० आणि विवेचक < ०.
४(क − २)² − १२(क − २) < ०. क − २ धन आहे म्हणून काटायला परवानगी, कारण लिहिलं. क − २ < ३. म्हणजे क २ आणि ५ च्या मध्ये. क = ३, ४. उत्तर २.

कोरी बाजू
सकाळी ७.३५

ताई, मी तुमच्याकडचीच. ज्या चलनाबद्दल तुम्ही लिहिलंय ते माझंच. नवीन खातं काढलं.

मला उत्तर ३ येतंय. प्रश्नात "वर्गसमीकरण" किंवा "वर्गराशी" असं कुठेच लिहिलेलं नाही, नुसतं "राशी" आहे. म्हणून मी आधी वर लिहिलं : क = २ असेल तर? क = २ ला क्ष² आणि क्ष दोन्ही पदं जातात, राहतं फक्त ३. तीन हे प्रत्येक क्ष ला धनच आहे. म्हणून क = २ चालतं. मग क ≠ २ धरून दादानं केलं तसंच, ३ आणि ४. एकूण तीन किमती.

पडताळा : क = ३ ला क्ष² − २क्ष + ३ = (क्ष − १)² + २, धन. क = ४ ला २(क्ष − १)² + १, धन. क = ५ ला ३(क्ष − १)², हे क्ष = १ ला शून्य होतं, धन नाही. म्हणून ५ नाही.

सातरस्ता
सकाळी ७.५०

शाब्बास पोरी. सहगुणक शून्य होतो का हे विवेचकाला हात लावण्याआधी बघितलंस. पाचाचा पडताळाही घेतलास.

विडी घरकुल
सकाळी ८.०५

हां, क = २ गेलंच माझं. मी "पॅराबोला" लिहिलं तिथेच ती बाद झाली. ताई, प्रश्नात "धन" ऐवजी "ऋण नाही" असं असतं तर?

गच्चीवरचा फळा
सकाळी ८.२०

तर क = ५ पण आत आली असती आणि उत्तर ४. तो पर्यायही खाली ठेवलेलाच आहे बघ. > आणि ≥ मधल्या एका आडव्या रेघेचा फरक.

दोघांनीही छान लिहिलंत. घर लांब आहे तुझं, पण जमलं तर आज पावणेसातला गच्चीवर ये, विडी घरकुल. कागद आहेत इथं.